व्हर्मेंतीनो फक्त माशांसोबतच प्यायची का?

तुमचा प्रश्न असा की इटलीच्या सार्डिनिया बेटावर ओल्बियाला चार दिवस मुक्काम आहे, नवरा मासे खातो, तुम्ही शाकाहारी. दुकानदार म्हणाला, 'व्हर्मेंतीनो दि गाल्लुरा' ही पांढरी वाइन माशांचीच, मग तुम्ही ती कशाबरोबर घ्यायची?

माझं मत स्पष्ट आहे. ही वाइन माशांपेक्षा मेंढीच्या चीजबरोबर जास्त खुलते.

गाल्लुरा म्हणजे बेटाचा ईशान्य कोपरा. जमीन ग्रॅनाइटची, दगड झिजून झालेली भरड वाळू, पाणी न धरणारी. त्यात वायव्येकडून माएस्त्राले वारा झोडपतो. वेलीला द्राक्षं कमी लागतात, पण त्यांत कस असतो. वाइनला लिंबाचा आणि रानझुडपांचा वास, किंचित खारी चव, आणि घोट गिळल्यावर कडू बदामासारखं काहीतरी जिभेवर रेंगाळतं. या खारट-कडवटपणाला ताटात काहीतरी स्निग्ध हवं. नुसत्या उकडलेल्या पांढऱ्या माशाला ती झाकून टाकते.

शिवाय गाल्लुरा मुळात कोळ्यांचा मुलूख नाही, मेंढ्या-गुरं पाळणाऱ्यांचा आहे. माणसं आतल्या भागात, रानात सुटी-सुटी दगडी घरं बांधून राहायची. किनाऱ्याला भाव आला तो १९६२ पासून, इस्माइली धर्मगुरू करीम आगाखान यांनी कोस्ता स्मेराल्दा ही श्रीमंतांची पर्यटन वसाहत वसवायला घेतली तेव्हा. (पुण्याचा आगाखान पॅलेस त्यांच्या आजोबांनी बांधलेला, आणि १९६९ मध्ये तो देशाला दान केला तो याच करीम यांनी.) त्यामुळे इथलं जुनं जेवण म्हणजे पाव, चीज, मटण.

तुमच्यासाठी पहिली पसंती कुलुर्जोनेस, म्हणजे सारण भरलेला पास्ता. पदार्थ बेटाच्या पूर्वेकडच्या ओल्यास्त्राचा, पण बेटावर बऱ्याच ठिकाणी मिळतो. आत बटाटा, पेकोरीनो (मेंढीच्या दुधाचं चीज) आणि पुदिना, कडेला आपण करंजीला घालतो तशी मुरड, वर साधा टोमॅटो सॉस. पुदिना आणि वाइनमधला रानवास एकमेकांना धरून असतात, बटाटा-चीज कडवटपणा सांभाळून घेतं. याहून चांगली जोडी मला माहीत नाही. तेल-मीठ लावून गरम केलेला कुरकुरीत पाने काराझाऊ (पापडासारखा पातळ पाव) आणि मुरलेला पेकोरीनो, एवढ्यावरही संध्याकाळ छान जाते.

दोन गोष्टी मात्र जपा. 'झुप्पा गाल्लुरेझे' नावाने सूप वाटतं, दिसतं पाव आणि चीजचे थर लावून भाजलेलं, पण तो पाव मटणाच्या रश्श्यात भिजवलेला असतो. आणि पारंपरिक पेकोरीनोत दूध विरजायला कोकराच्या किंवा वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. तुम्हाला ते चालत नसेल तर ऑर्डर देण्याआधी विचारा. नवऱ्याने मात्र झुप्पा नक्की खावा, तो या वाइनचा घरचाच सोबती आहे.

माशांत बोत्तार्गा घ्या. बोय माशाची गाभोळी मीठ लावून, दाबून, वाळवलेली. पश्चिम किनाऱ्यावरचं काब्रास त्यासाठी प्रसिद्ध. गरम स्पॅगेटीवर ऑलिव्ह तेल आणि वरून किसलेली बोत्तार्गा. ती शिजवायची नसते, शिजवली की कडू होते. तिसऱ्या घातलेला फ्रेगोला, म्हणजे बारीक गोळ्यांचा पास्ता, हाही उत्तम. लहान डुकराचं भाजलेलं मांस मागवलंत तर ही वाइन बाजूला ठेवा आणि तिथली लाल कान्नोनाऊ घ्या.

बाटली निवडताना लेबलवर 'दि गाल्लुरा' आहे ना ते बघा. १९९६ पासून तिला डी.ओ.सी.जी. हा इटलीतला सर्वांत वरचा दर्जा आहे, आणि अख्ख्या सार्डिनियात तो एवढ्या एकाच वाइनला मिळालाय. 'दि सार्देन्या' लिहिलेली बाटली बेटावरच्या कुठल्याही भागातली असू शकते. वाईट नसते, पण बहुधा हलकी असते. 'सुपेरिओरे'मध्ये अल्कोहोल किमान १३ टक्के असतं, चीजच्या जेवणाला तीच घ्या. १० ते १२ अंशांवर प्या. बर्फात फार वेळ ठेवली तर वास मरतो आणि नुसता कडवटपणा उरतो.

घरी घेऊन आलात तर झणझणीत मालवणी रश्श्याबरोबर उघडू नका, अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं. कमी मिरचीचं, ओलं खोबरं घातलेलं तिसऱ्यांचं सुकं किंवा साधं तव्यावर परतलेलं पनीर चालेल. आणि तिथे शेवटी सेआदास मागवाल, तळलेल्या पारीत चीज आणि वर मध, तेव्हा ग्लास आधीच रिकामा करा. मधापुढे ही वाइन आंबट लागते.