‘प्राइमर’ला मराठीत ‘पहिला हात’ म्हणावं का?

नांदेडच्या एका वाचकाने विचारलं आहे : “घराच्या रंगकामाच्या अंदाजपत्रकात मिस्त्रींनी ‘एक हात प्राइमर, दोन हात रंग’ असं लिहिलं आहे. प्राइमर म्हणजे रंगाचा पहिलाच हात ना? मग सरळ ‘तीन हात रंग’ लिहिलं तर काय बिघडलं? आणि त्याला मराठी शब्द कोणता?”

‘हात’ हा शब्द फक्त मोजतो. कुंचला भिंतीवरून किती वेळा फिरला, एवढंच तो सांगतो. चुन्याचा हात, रंगाचा हात, वॉर्निशचा हात, सगळं त्यात बसतं. म्हणून प्राइमरचाही हात असतो, पण ‘पहिला हात’ हे त्याचं नाव होऊ शकत नाही. भिंतीवर पहिल्यांदा रंगच मारला, तर तोही पहिला हातच की!

फरक कामाचा आहे. नवा गिलावा पाणी शोषतो, तसा रंगही शोषतो. आपल्याकडे ‘भिंत रंग पिते’ म्हणतात ते अगदी खरं आहे. एका ठिकाणी जास्त पिते, दुसऱ्या ठिकाणी कमी, आणि मग सुकल्यावर डाग दिसतात. प्राइमर ही तहान आधी भागवतो आणि रंगाला धरायला जागा देतो. दुसरं असं, की ताज्या सिमेंटमध्ये क्षार (अल्कली) भरपूर असतात. त्यावर थेट ऑइल पेंट मारला तर क्षारामुळे त्यातल्या तेलाचा चक्क साबण होतो. रंग चिकट, मऊ पडतो आणि पुढे पोपडे सुटतात. म्हणून गिलावा महिनाभर तरी सुकू द्यायचा आणि मग सिमेंटसाठीचा प्राइमर लावायचा. लोखंडी खिडकी-दाराला तांबूस रेड ऑक्साइड मारतात तो गंज अडवायला. लाकडाचा प्राइमर आणखी वेगळा.

उलट ऊन-पाऊस सोसणं, धुतलं तरी टिकणं, छटा आणि चमक देणं हे रंगाचं काम. नुसता प्राइमर मारून घर तसंच सोडलं, तर मराठवाड्याच्या उन्हात तो लवकरच भुकटी होऊन हाताला लागतो. आणि भिंतीला लोणा (ओलीबरोबर वर येणारा मिठाचा पांढरा थर) धरला असेल, तर प्राइमरही तिथे हरतो. आधी ओल कुठून येते ते शोधावं लागतं.

आता शब्द. ‘प्राथमिक रंग’ मुळीच नको. तो लाल, निळा, पिवळा यांच्यासाठी शाळेपासून ठरलेला आहे. ‘पूर्वलेप’ अर्थाने चुकीचा नाही, पण असा शब्द मी कुठल्याच मिस्त्रीच्या तोंडून ऐकलेला नाही. मला मनापासून आवडतो तो ‘अस्तर’. शब्द मूळचा फारसी, पण शिंप्याच्या दुकानात पूर्ण आपला झालेला. झंपरचं अस्तर बाहेरून दिसत नाही, पण त्याच्यामुळे वरचं कापड अंगावर नीट बसतं. अंग, अस्तर, कापड. तसंच भिंत, अस्तर, रंग. मधल्या थराचं काम हा शब्द आपोआप सांगतो.

ही रीत आपल्या मुलखाला जुनी आहे. अजिंठ्याला इ.स.च्या ५व्या शतकात चित्रकारांनी खडबडीत दगडावर थेट रंग लावला नाही. आधी भुसा, तूस, काड्या घातलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो सुकल्यावर चित्र. छिन्नीच्या खुणाही मातीला पकड मिळायला उपयोगी पडल्या. गावाकडे मातीच्या भिंती पोतारताना चुन्यात डिंक किंवा सरस घालत, तेही चुना हाताला लागू नये म्हणूनच. तेव्हा प्राइमर हा शब्द नवा असला, तरी ती गरज आपल्याला ठाऊक होती.

लांबी, म्हणजे पुट्टी, मात्र याहून वेगळी. ती खड्डे भरते, भिंत सपाट करते. काही जण तिलाच अस्तर म्हणतात, त्याने घोटाळा होतो.

तुमच्या अंदाजपत्रकाबद्दल : ‘तीन हात रंग’ लिहून घेऊ नका. ‘अस्तराचा (प्राइमरचा) एक हात, त्यावर रंगाचे दोन हात’ असं लिहा, आणि प्राइमर सिमेंटचा, लोखंडाचा की लाकडाचा, हेही पुढे लिहा. बोलताना ‘प्राइमर मारा’ म्हटलंत तरी मिस्त्रींना बरोबर कळेल.