फोंड्यात सरकारी हायस्कूल बरं की अनुदानित?

कुडाळहून गोव्यातल्या फोंड्याला बदली झालीय, मुलगी चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, आता पाचवीला तिला सरकारी हायस्कुलात घालावं की अनुदानित, आणि दहावीच्या निकालावरून ठरवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझा मुलगा याच तालुक्यातल्या सरकारी हायस्कुलात शिकला आणि मुलगी संस्थेच्या अनुदानित शाळेत. त्या अनुभवावरून सांगतो, निकालावर जाऊ नका. शाळेची पाचवी बघा आणि नववी बघा.

२०२५ साली अख्ख्या गोव्याचाच दहावीचा निकाल ९५ टक्क्यांच्या वर लागला. एका शाळेचा ९६ आणि दुसरीचा १००, यातून काय कळणार? लहान शाळेत एक मूल राहिलं तरी टक्का घसरतो. मुख्याध्यापकांना थेट विचारा, गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि त्यातली किती दहावीला बसली. कच्च्या मुलांना नववीतच अडवून शंभर टक्क्यांचा फलक लावणारी शाळा मला मुळीच चांगली वाटत नाही. कच्चं मूल पुढे नेणं हेच तर शाळेचं काम.

पण तुमच्या मुलीसाठी खरी कसोटी पाचवीची. इथल्या जवळपास सगळ्या सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीपासून बहुतेक हायस्कुलांत इंग्रजी माध्यम. गणित येत असतं, पण प्रश्नात काय विचारलंय तेच मुलाला कळत नाही. माझ्या मुलाच्या बाई पहिली सहामाही प्रत्येक धडा आधी मराठी-कोकणीत समजावायच्या, मग इंग्रजीत. दिवाळीनंतर तो स्वतःहून उत्तरं द्यायला लागला. मुलीचा वर्ग मोठा होता, तिथे एवढा वेळ कुणाला नव्हता. ती वर्षभर गप्प बसून राहिली, घरी आम्हीच तिला सावरलं. म्हणून पाचवीला कोण शिकवतं, तुकडीत किती मुलं आहेत, मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी वेगळं काय करतात, हे विचाराच. शक्य असेल तर सध्या सहावीत असलेल्या मुलांच्या पालकांशी बोला.

पगार दोन्हीकडच्या शिक्षकांना सरकारच देतं आणि माध्यान्ह आहारही आठवीपर्यंत दोन्हीकडे असतो. मोठा फरक बदल्यांचा. सरकारी शिक्षकाची बदली होऊ शकते, वर्षाच्या मध्ये गणिताचे सर गेले तर मुलांचे हाल होतात. संस्थेच्या शाळेत तेच शिक्षक वर्षानुवर्षं असतात, चांगले असोत की वाईट. मुलांना न्यायला-आणायला अनुदानित शाळांकडे बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतली शाळेची बस असते. सरकारी शाळेसाठी कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या वेळा तुमच्या घरापासून तपासून घ्या, पावसाळ्यात ते फार जाणवतं.

मराठी विषय शिकवायला पूर्णवेळ शिक्षक आहे का, तेही बघा. पाचवीत भाषा सुटली की परत धरणं जड जातं. आणि कुडाळ सोडण्याआधी शाळेच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवा. परराज्यातून आलेल्या मुलाकडे इथे ती मागतात, आणि मागाहून तेवढ्यासाठी सिंधुदुर्गनगरीला खेप पडते.