पद सोडावं, माणसं सोडू नयेत

प्रिय ब्रदर,

पत्र मिळालं. गुरुदीक्षा झाली की परदेशी मिशनवर जायचं, तेही लढाई चालू असलेल्या देशात, असं तू लिहिलंस. त्यात संत गोन्सालो गार्सियांचं नाव दोनदा आलंय. ते आपल्या वसईचे, जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर हुतात्मा झाले; वसईच्या मुलाला तो क्रूस लहानपणापासून डोळ्यांसमोर असतो, हे मी समजू शकतो. पण मरण कसं आलं यापेक्षा त्याआधीची वर्षं कशी गेली ते बघायला शीक. त्यासाठी बिशप पॅट्रिक बर्न यांच्याविषयी सांगतो.

ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टनचे, मेरीनोल या अमेरिकन कॅथॉलिक मिशनरी संघाचे. १९२३ मध्ये कोरियात गेले, प्योंगयांगच्या मिशनची घडी त्यांनी बसवली. पुढे जपानमध्ये क्योटोच्या कॅथॉलिक मिशनचे प्रमुख झाले. १९४० मध्ये जपान सरकारला परदेशी प्रमुख नकोसे झाले, तेव्हा त्यांनी पद सोडलं आणि कारभार फादर पॉल फुरुया या जपानी धर्मगुरूंकडे गेला. बर्न मात्र तिथेच राहिले. पुढच्याच वर्षी जपान-अमेरिका युद्ध पेटलं, ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि युद्ध संपेपर्यंत नजरकैदेत राहिले. १९४५ मध्ये जपान हरल्यावर अमेरिकन सैनिक येणार म्हणून लोक धास्तावले होते. त्यांना धीर द्यायला रेडिओवर बोलले ते हेच. त्या शब्दाला वजन होतं, कारण हा माणूस हाती काही अधिकार नसतानाही तिथंच राहिला होता.

मला त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो. तुझ्या पत्रात ‘मी शाळा काढीन, मी दवाखाना उभारीन’ असं बरंच आहे. ते जरूर कर. पण पहिल्या दिवसापासून हेही बघ, की उद्या ते चालवणारा तिथला माणूस कोण.

१९४९ मध्ये ते बिशप झाले आणि पोपचे प्रतिनिधी म्हणून दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये होते. २५ जून १९५० ला उत्तर कोरियानं हल्ला केला, तीन दिवसांत सोल पडलं. परदेशी लोक विमानानं, जहाजानं निघत होते. त्यांनाही जाता आलं असतं. ते आणि त्यांचे सचिव फादर बूथ मागे राहिले. जुलैत अटक झाली. ३१ ऑक्टोबरला उत्तर कोरियातल्या मानपोहून कैद्यांची उत्तरेकडची ती पायपीट सुरू झाली: सातशेच्या आसपास अमेरिकन युद्धकैदी, त्यांच्यासोबत मिशनरी, सिस्टर्स, लहान मुलांची कुटुंबं. कैदी ज्याला ‘टायगर’ म्हणत तो उत्तर कोरियाचा मेजर त्यांच्यावर होता. शहात्तर वर्षांच्या मदर बेआट्रिक्सना चालवेना, म्हणून त्यांना वाटेतच गोळी घातली.

बर्न तेव्हा बासष्ट वर्षांचे. कडाक्याच्या थंडीत न्यूमोनिया झाला आणि २५ नोव्हेंबरला ते गेले. सोबत्यांना त्यांनी सांगितलं होतं, की याजकपदानंतर, तुम्हा सर्वांबरोबर ख्रिस्तासाठी सोसायला मिळालं हेच माझं सर्वांत मोठं भाग्य. आयरिश मिशनरी मॉन्सिन्योर क्विनलन यांनी आपला झगा त्यांच्या अंगावर चढवून त्यांना पुरलं. ‘तुम्हा सर्वांबरोबर’ हे शब्द तू सोडू नकोस. एकट्यानं शूर व्हायचं असतं, असं तुझ्या पत्रातून मला जाणवलं, म्हणून इतकं लिहितोय.

भाषेचं शिक्षण आत्ताच सुरू कर. तिथं स्थानिक धर्मगुरू किती, सेमिनरीत मुलं किती, हे आपल्या प्रोव्हिन्शिअलना, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखांना विचार. आणि घरी अजून सांगितलं नाहीस म्हणतोस. आधी आईला सांग, अर्ज त्यानंतर दे.

तुझा,
फादर