नळ बसतो, वॉशरचे पैसे कोण देणार?

प्रश्न : आमची छोटी संस्था निर्वासितांच्या छावणीत नळ योजना चालवते. बारा महिन्यांचे अनुदान संपत आले आहे. पुढे लोकवर्गणीवर भागेल का?

उत्तर : नाही. गावात पाणीपट्टी भरणाऱ्याच्या हाताला काम असते. अनेक देशांत निर्वासितांना कामाची परवानगीच नसते, त्यामुळे पट्टी जाते ती पोटाला चिमटा काढून. रेशनचीही शाश्वती नाही. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारमधल्या रोहिंग्या निर्वासितांना संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडून दरमहा माणशी १२ डॉलर मिळत. निधी आटल्यावर मार्च २०२३मध्ये त्याचे १० झाले, जूनमध्ये ८. अशा घरांकडे पाण्याचे पैसे मागू नका.

खर्च मुळापासून मांडा. स्फिअर या आपत्कालीन मदतीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि २५० माणसांमागे एक नळ लागतो. मिनिटाला साडेसात लिटर आले, तर तो नळ रोज आठ तासांहून जास्त वाहतो. सतत उघडझाप होऊन वॉशर झिजतो, नळ गळतो, खाली चिखल साचतो. अनुदानात नळाची किंमत असते. वॉशर, पान्हा आणि दुरुस्ती करणाऱ्याचा पगार बहुधा नसतो. सौरपंपाचेही तेच : डिझेल वाचते, पण पंप आणि त्याला वीज नेमून देणारा कंट्रोलर हे सौरपॅनेलच्या आधी बिघडतात. म्हणून देखभाल-दुरुस्तीचे कलम पहिल्याच प्रस्तावात घाला, आणि अनुदान संपण्याच्या निदान सहा महिने आधी योजना पुढे कोण सांभाळणार हे लेखी ठरवा.

हप्त्यांकडेही लक्ष द्या. ४०-४०-२० अशी विभागणी असेल आणि शेवटचे २० टक्के ऑडिटनंतर मिळणार असतील, तर जवळजवळ अडीच महिन्यांचा खर्च तुम्हाला आधी स्वतः करावा लागतो. पगार थकतात ते इथेच. तीन महिन्यांची गंगाजळी हवी, आणि ती अनुदानातून साठवता येत नाही. दरमहा थोडे पण बिनशर्त देणारे लोक आतापासूनच जोडा.

प्रश्न : देणगी देताना प्रशासकीय खर्च सर्वांत कमी असलेली संस्था निवडावी का?

उत्तर : तेवढ्यावरून नको. हिशेबनीस, ऑडिट, भाडे यांशिवाय मदत पोहोचत नाही. युरोपीय संघ मदतीच्या अनुदानात अशा वरखर्चाला ७ टक्क्यांपर्यंतच रक्कम देतो. छोट्या संस्थेला ती अपुरी पडते. २०१६मध्ये मोठ्या देणगीदारांनी २०२०पर्यंत २५ टक्के निधी स्थानिक संस्थांकडे वळवण्याचे ठरवले होते. ते झाले नाही. त्यामुळे ऑडिट अहवाल मागून वाचा, आणि तो पटला तर पैसे ठरावीक कामावरच खर्च करण्याची अट न घालता दरमहा द्या.