यूकेमध्ये बॉयलर बदलायला येणारा माणूस खरंच जाणकार आहे का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही म्हणता, लीड्सजवळ तीन बेडरूमचं जुनं सेमी (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं घर) घेतलंय, घर तापवणारा गॅसचा बॉयलर शेवटच्या घटका मोजतोय. तिघांनी कोटेशन दिलंय, तिघंही गॅस सेफवाले, म्हणजे गॅसकामाच्या अधिकृत नोंदणीतले, तिघांचे रिव्ह्यू उत्तम, तरी आकड्यांत हजारेक पाउंडांचा फरक.

रिव्ह्यू आधी बाजूला ठेवा. वेळेवर आला, बूट काढून आत आला, जाताना झाडून गेला, असंच त्यात लिहिलेलं असतं. माणूस सज्जन आहे एवढं त्यातून कळतं. लिहिणाऱ्याने बहुधा पहिलं बिलही पाहिलेलं नसतं.

गॅस सेफचं कार्ड मात्र बघायचंच, आणि उलटून बघायचं. ब्रिटनमध्ये धंदा म्हणून गॅसच्या उपकरणाला हात लावायचा तर ही नोंदणी कायद्याने लागते. २००९ च्या एप्रिलपासून कॉर्गी या जुन्या नोंदणीच्या जागी ती आली. कार्डाच्या मागे कुठली कामं करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. शेगडीचं काम येणाऱ्याला बॉयलरचं काम करायची मुभा असेलच असं नाही. पण कार्डाची हमी सुरक्षिततेपुरती आहे. मागची बेडरूम जानेवारीत तापेल का, गॅस किती जळेल, हे शास्त्रच वेगळं, आणि कित्येक प्रामाणिक गॅसवाल्यांना ते कुणी धड शिकवलेलंच नसतं.

म्हणून मी एकच बघतो: आकडा सांगण्याआधी याने मोजलं काय?

‘जुना ३० किलोवॅटचा होता ना, मग तेवढाच टाकू’ असं दारात उभं राहून सांगणारा माणूस अंदाजपंचे चाललाय. तुमच्यासारख्या घराला, बाहेर उणे दोन-तीन असतानाही, बऱ्याचदा ६ ते ८ किलोवॅट उष्णता पुरते. कॉम्बी, म्हणजे टाकीशिवाय नळाचं पाणीही तापवून देणाऱ्या बॉयलरवरचा मोठा आकडा असतो तो शॉवरच्या पाण्यासाठी. त्यामुळे खरा प्रश्न उलटा आहे: हा बॉयलर कमीत कमी किती किलोवॅटवर चालू शकतो? तो पुरेसा खाली उतरत नसेल, तर ऑक्टोबरच्या सौम्य थंडीत दिवसभर पेटत-विझत बसतो. त्यात गॅसही जातो आणि यंत्रही झिजतं. जाणकार माणूस खोल्या फिरतो, रेडिएटर मोजतो, लॉफ्टमध्ये इन्सुलेशन किती आणि भिंत पोकळ आहे का ते विचारतो.

दुसरा प्रश्न तुम्ही विचारा: ‘रेडिएटरला जाणारं पाणी किती तापमानावर ठेवणार?’ कंडेन्सिंग बॉयलरची सगळी कमाई परत येणाऱ्या पाण्यावर असते. ते साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातली वाफ पाणी होऊन आपली उष्णता परत देते. ‘७५ ला ठेवा, घर पटकन तापेल’ असं उत्तर आलं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावेन. ‘वेदर कॉम्पेन्सेशन’ म्हणून बघा. बाहेरच्या थंडीप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप बदलणारी ही सोय आहे. तिचं नाव काढल्यावर चेहरा खुलला तर माणूस कामाचा. ‘त्याची काही गरज नसते’ म्हणून झटकलं, तर का नसते ते सांगता येतंय का बघा.

आता तो हजार पाउंडांचा फरक. तो बहुतेक वेळा न दिसणाऱ्या कामांत असतो. जुन्या रेडिएटरांतला काळा गाळ धुऊन काढणं, गंजरोधक रसायन घालणं, चुंबकी फिल्टर बसवणं. मीटरपासून बॉयलरपर्यंतचा गॅसपाइप पुरेसा जाड आहे का, हे तपासणं: बॉयलर पूर्ण जोरात चालू असताना तेवढ्या अंतरात दाब १ मिलिबारपेक्षा जास्त पडू नये. जुना १५ मिलिमीटरचा पाइप लांबून आला असेल तर तो बहुधा बदलावा लागतो, आणि स्वस्त कोटेशनमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं. त्यामुळे घासाघीस जरूर करा, पण ‘कमी करा’ म्हणण्याऐवजी ‘यात काय धरलंय, काय नाही’ हे लेखी मागा.

शेवटी रेडिएटर बॅलन्सिंग, म्हणजे प्रत्येक रेडिएटरला हवं तेवढंच पाणी जाईल असे व्हॉल्व्ह लावणं. वेळखाऊ काम, फारसं कुणी आपणहून करत नाही. तेही कोटेशनमध्ये लिहून घ्या. पैसे चुकते करण्याआधी धुराच्या तपासणीचे आकडे आणि भरलेला बेंचमार्कचा तक्ता (बॉयलर बसवून सुरू करताना भरायची नोंद) हातात घ्या. तो कोरा राहिला तर पुढे वॉरंटीला अडचण येऊ शकते. बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र नंतर पोस्टाने किंवा ईमेलने येतं. घर विकताना वकील ते मागतो.

हीट पंपाचा (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणणाऱ्या यंत्राचा) विचार असेल तर तो बसवायला गॅस सेफ लागत नाही. तिथे सरकारी अनुदान हवं असेल तर एमसीएस या गुणवत्ता-योजनेचं प्रमाणपत्र असलेला माणूस लागतो. त्याने प्रत्येक खोलीचा उष्णतेचा हिशेब करायचाच असतो, आणि तो तुम्हाला मागता येतो.

बॉयलर अजून तग धरत असेल तर एप्रिल-मेपर्यंत थांबा. नोव्हेंबरात कुणाला मोजमाप करायला वेळ नसतो. तोवर, तुमचा कॉम्बी असेल तर, रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ५५ वर आणून कडक थंडीचे काही दिवस काढा आणि कुठली खोली गार राहते ते टिपून ठेवा. ती यादी तिघांसमोर ठेवा. त्यावर तुम्हाला उलट प्रश्न विचारेल, त्याला काम द्या.