दनकूर यांनी जंगल बिघडवले का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. रंगाच्या खुणांनी आखलेल्या पायवाटांचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते क्लोद-फ्रांस्वा दनकूर कोण होते, ही पहिली. आणि त्यांच्या निळ्या बाणांनी फ्रान्समधील फाँतेनब्लोच्या जंगलाचे भले झाले की नुकसान, ही दुसरी. डोंगरवाटांवर खुणा रंगवण्याचे काम मी स्वतः अनेक वर्षे केले आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. परंतु ते सांगण्याआधी त्या माणसाविषयी लिहिणे भाग आहे.

दनकूर यांचा जन्म १७८८ चा, पूर्व फ्रान्समधील एका खेड्यातला. नेपोलियनच्या सैन्यात ते लढले, जखमी झाले, आणि पुढे पॅरिसपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या फाँतेनब्लो येथील लष्करी बराकीचे रखवालदार झाले. राजकीय मतांपायी १८३२ मध्ये ती नोकरी गेली. वयाच्या ४४ व्या वर्षी हाताला काम नसलेला हा माजी सैनिक गावालगतच्या जंगलात एकटाच भटकू लागला आणि हळूहळू तिथलाच झाला. त्या जंगलात वालुकाश्माच्या प्रचंड शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या पडलेल्या आहेत, त्यांच्यामधून अरुंद घळी जातात आणि पायाखाली बहुतेक ठिकाणी वाळू असते. राजांच्या शिकारीसाठी आखलेले सरळ, रुंद रस्ते तिथे पूर्वीपासून होते; मात्र शिळांच्या आत शिरायचे तर माहितगार सोबत हवा, नाहीतर वाट चुकणे ठरलेलेच.

दनकूर यांनी १८३९ मध्ये या जंगलाची मार्गदर्शिका छापली आणि १८४२ मध्ये खुणांनी दाखवलेली पहिली पायवाट तयार केली. सुरुवातीचे बरेचसे काम त्यांनी वनखात्याला न विचारता, पदरमोड करून आणि मजूर लावून केले. त्यांच्या हयातीत अशा वाटांची लांबी सुमारे १५० किलोमीटरपर्यंत गेली.

बाणांची चर्चा फार होते, पण त्यांचे खरे कसब वाटेच्या आखणीत आहे. त्यांची वाट दोन ठिकाणांना जवळच्या अंतराने जोडत नाही. ती मुद्दाम वळसे घेते, दोन शिळांच्या फटीतून अंग चोरून पलीकडे निघते, एखाद्या कपारीखालून वाकून जाते आणि मग अचानक अशा कड्यावर आणून सोडते की खालचा सगळा झाडोरा एकदम नजरेत यावा. चालणाऱ्याला पुढचे आधीच दिसू नये, तरीही त्याने वाट चुकू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे किती अवघड आहे हे खुणा रंगवणाऱ्यालाच कळते. एका खुणेपाशी उभे राहिले की पुढची दिसली पाहिजे, आणि परतणाऱ्यालाही ती दिसली पाहिजे. मी सुरुवातीला एका चढावरच्या सगळ्या खुणा केवळ चढणाऱ्याच्या बाजूने रंगवल्या होत्या. संध्याकाळी त्याच वाटेने उतरताना एकही खूण दिसेना, तेव्हा हा धडा मला मिळाला.

आता आक्षेपांकडे वळतो. जवळच्या बार्बिझाँ गावातले चित्रकार या जंगलावर जीव टाकत असत. त्यांच्यापैकी तेओदोर रूसो यांनी १८५२ मध्ये झाडांची तोड थांबवण्यासाठी थेट सरकारकडे अर्ज केला होता, आणि १८६१ मध्ये १,०९७ हेक्टर क्षेत्र कलेसाठी राखीव ठरले ते अशाच प्रयत्नांमुळे. (अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान त्यानंतर ११ वर्षांनी झाले.) शिळांवरचे बाण आणि त्यांच्यामागून येणारी गर्दी अनेक कलावंतांना खुपत असे. त्यांची तक्रार मी खोटी म्हणणार नाही. दनकूर यांनी शेकडो झाडांना आणि शिळांना राजे, कवी, वीर यांची नावे दिली, काही गुहा तर खोदवून घेतल्या. यात अतिरेक झाला असे मलाही वाटते. मात्र १८४९ मध्ये पॅरिसहून रेल्वे आली आणि माणसे येणारच होती. वाळूच्या उतारावर प्रत्येकाने आपापली वाट काढली की झाडांची मुळे उघडी पडतात आणि उतार खचत जातो. हजारो पावले एकाच रेषेवर राहतात ती तिथे आखलेली वाट असते म्हणून. त्यामुळे दनकूर यांनी जंगल बिघडवले, या मताशी मी सहमत नाही.

सगळेच साहित्यिक विरोधात होते असेही नाही. १८५५ मध्ये दनकूर यांच्या सन्मानार्थ एक संग्रह निघाला, त्यात व्हिक्टर ह्यूगो यांचे लेखन आहे आणि बोदलेअर यांच्या काही गद्यकविता प्रथम त्यातच छापल्या गेल्या.

१८७५ मध्ये दनकूर गेले. वाट एकदा आखून संपत नाही. पावसाने रंग उडतो, शेवाळ चढते, पडलेले झाड आडवे येते, आणि पाहणारे कोणी नसेल तर काही वर्षांतच ती झुडपांत बुजून जाते. हे काम सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्या शार्ल कोलिने यांनी उचलले आणि वाटा आणखी वाढवल्या. म्हणूनच या वाटा आज दोघांच्या जोडनावाने ओळखल्या जातात. कोलिने १९०५ मध्ये वारले आणि १९०७ मध्ये या जंगलाच्या मित्रमंडळाची स्थापना झाली. आजही खोडांवर आणि शिळांवर आखूड निळ्या रेघा दिसतात, आणि पाहण्याजोग्या ठिकाणी निळे अक्षर किंवा तारा असतो. ही रेघ फिकी पडली की स्वयंसेवक डबा आणि ब्रश घेऊन जातात आणि तीच रेघ त्याच जागी पुन्हा ओढतात.