मेरीच्या डोक्यावर टांगलेलं अंडं

प्रश्न: मागच्या महिन्यात मिलानला ब्रेरा म्युझियममध्ये पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं एक भलंमोठं चित्र पाहिलं. मध्ये मेरी, मांडीवर झोपलेलं बाळ, भोवती संत आणि देवदूत, आणि वर चक्क टांगलेलं अंडं! गाईड 'नवा जन्म' एवढंच म्हणाला आणि पुढच्या चित्राकडे पळाला. एवढाच अर्थ आहे का? आणि हे अर्थ ठरवतं कोण?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: गाईड चुकला नाही हो, घाईत होता. अंडं म्हणजे नवा जन्म हे कुठल्याही चित्राला चिकटवता येतं, पण हे अंडं बहुतेक अभ्यासकांच्या मते शहामृगाचं आहे (काहीजण मोती म्हणतात, तो वाद चालूच आहे). बघताना ते मेरीच्या बरोब्बर डोक्यावर वाटतं, पण नीट बघितलं तर ते पार मागे, त्या गाभाऱ्यासारख्या अर्धगोलात शिंपल्याखाली लोंबतंय, आणि तेवढ्या लांबून एवढं मोठं दिसतंय म्हणजे कोंबडीचं तर नक्कीच नाही. त्या काळी चर्चमध्ये शहामृगाची अंडी खरोखर टांगायचे. समजूत अशी की मादी अंडं वाळूत टाकून निघून जाते आणि ते नुसत्या उन्हाने उबतं, मग त्यावरून कुमारी मेरीचं बाळ आठवणं ओघानंच आलं. शिवाय ज्याने चित्र करवून घेतलं त्या फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रोच्या (इटलीतल्या उर्बिनोचा राज्यकर्ता) चिन्हांमध्येही शहामृग होता, म्हणजे एकाच अंड्यात देव पण आणि मालक पण.

तो मालक म्हणजे उजवीकडे चिलखत घालून गुडघे टेकलेला माणूस. एकाच बाजूने दिसतो कारण एका खेळाच्या झुंजीत त्याचा उजवा डोळा गेला होता, चित्रकार बिचारा काय करणार!

बाळाच्या गळ्यात लाल पोवळ्याची माळ आहे, ती चुकवू नका. इटलीत पोवळं लहान मुलांना दृष्ट लागू नये म्हणून घालायचे, आपल्याकडे गालावर तीट लावतात तसंच, पण लाल रंग रक्ताचाही, आणि बाळ असं हातपाय सैल सोडून झोपलंय की पुढे क्रूसावरून उतरवलेला येशू आठवावा. ते रक्षणही आहे आणि पुढचं मरणही. दोन्ही अर्थ एकदम खरे असू शकतात, एकच 'बरोबर' उत्तर शोधायची सवय शाळेतली आहे.

ठरवतं कोण म्हणाल तर माझ्या मते आधी हे विचारायचं की चित्र कुणी, कधी, कुठल्या जागेसाठी करवलं, चिन्हांचं पुस्तक नंतर उघडायचं. हे चित्र साधारण १४७२ ते १४७४ मधलं. १४७२ च्या जानेवारीत फेदेरिकोला बऱ्याच मुलींनंतर मुलगा झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बायको बात्तिस्ता स्फोर्झा वारली, वय २६. चित्र नंतर उर्बिनोजवळच्या ज्या सान बेर्नार्दिनो चर्चमध्ये होतं तिथेच फेदेरिकोला पुरलंय. आता त्या अंड्याकडे परत बघा, जन्म आणि मरण एकाच घरात सहा महिन्यांच्या अंतराने आलेलं.

तुम्ही फोटो काढला असेलच, तर झूम करून डावा कोपरा बघा. नवरा उजवीकडे गुडघे टेकून आहे, म्हणजे बायकोने समोर डावीकडे असायला हवं, तिथे नुसती मोकळी फरशी आहे. आणि त्या मोकळ्या जागेमागे कुठला संत उभा आहे? बाप्तिस्मा करणारा योहान, इटालियनमध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता. तिच्या नावाचा.